नाव आपले, औषध कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माता आपल्या चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आमच्या चिकित्सालयात आली. बाळाच्या पाठीवर व मांड्यांच्या सांध्यांत बारीक लालसर पुरळ उठले होते. अभ्यंगासाठी कोणते तेल वापरता, असे विचारताच "तुमचेच की, वैद्यकाका" असे उत्तर मिळाले. आमचे तेल गेली चाळीस वर्षे त्याच पाठात सिद्ध होते. त्याने असे कधी घडलेले नाही. मी बाटली मागविली. बूच उघडताच तिळाच्या तेलाचा गंध येण्याऐवजी उग्र अत्तराचा दर्प आला. तेल बोटांवर चोळले तर मुरेना. खनिज तेलासारखे ते नुसतेच घसरत होते. लेबलाचा रंग आमचा, किनारीवरची वेल आमची, आणि नावही आमचेच. फक्त त्यातील एक जोडाक्षर सुटे करून लिहिलेले. आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्याचा क्रमांक कोठेही नव्हता. त्या बाईंनी ती बाटली भ्रमणध्वनीवरून मागविली होती. आमचे नाव टाकताच ती पहिल्या ओळीत दिसली, वर चाळीस रुपयांनी स्वस्त.

बाळ चार दिवसांत बरे झाले. माझी झोप मात्र उडाली, आणि त्या निमित्ताने जे शिकावे लागले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. त्या तेलाचे नाव येथे देत नाही, कारण त्याविषयीची हरकत व्यापारचिन्ह निबंधकांपुढे अद्याप अनिर्णित आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. ते नाव वडिलांनी आजीच्या माहेरच्या गावावरून ठेवले होते. औषधाच्या गुणाशी त्या नावाचा काहीही संबंध नाही. नोंदणीच्या दृष्टीने असे नाव अत्यंत बळकट असते, हे मला पुढे कळले. वडिलांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वडिलांच्या पश्चात मी नोंदणीचा अर्ज केला, तोही एका मित्राच्या आग्रहाने. परीक्षण अहवाल आला तो मी वापरणे सोडलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर. त्यास एका महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. ते न गेल्याने अर्ज सोडून दिल्याचे धरले गेले, आणि मी मात्र भिंतीवर अर्जाच्या पावतीची चौकट लावून निश्चिंत राहिलो. आपल्यापैकी कितीजणांच्या भिंतीवर अशा चौकटी असतील, याची मला आता शंका वाटते.

आपल्या व्यवसायात या विषयाबद्दल गैरसमज फार आहेत. सर्वांत जुना गैरसमज आपल्या बोलीतच मुरलेला आहे. शास्त्रोक्त पाठाबाहेरच्या स्वनिर्मित औषधास आपण सर्रास 'पेटंट औषध' म्हणतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये 'पेटंट अथवा स्वामित्वाचे औषध' अशी संज्ञा असल्याने ही सवय पडली. परंतु पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत उल्लेखिलेली द्रव्ये घेऊन नवा पाठ बसविला, यापलीकडे त्या शब्दाला तेथे अर्थ नाही. त्यातून एकस्व मिळत नाही आणि नावावर हक्कही मिळत नाही. दुसरा गैरसमज असा की, अन्न व औषध प्रशासनाने परवान्याच्या यादीत आपल्या उत्पादनाचे नाव मंजूर केले म्हणजे ते नाव आपले झाले. प्रशासन पाहते ते पाठ, प्रमाण, निर्मितीची पद्धत आणि लेबलावरील मजकूर. नावाचा मालक कोण, हे ठरविणे त्याचे काम नाही. वस्तू व सेवा कराचा क्रमांक, उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना, कंपनीचे नाव, यांपैकी कशानेही व्यापारचिन्हाचा हक्क उत्पन्न होत नाही. तो उत्पन्न होतो दोनच मार्गांनी: प्रत्यक्ष व सातत्यपूर्ण वापराने, आणि व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ खालील नोंदणीने.

येथे आपल्या परंपरेची आणि कायद्याची एक मोठी गाठ पडते, व ती सोडविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या पूर्वसूरींनी कल्पांना नावे दिली ती बोलकी दिली. त्रिफळा म्हणताच तीन फळे समोर येतात. हिंग्वाष्टक म्हणताच हिंग आणि द्रव्यांची संख्या कळते. दशमूलारिष्टाच्या नावात द्रव्यगणही आहे आणि कल्पनाही. कोठे ऋषीचे नाव, जसे च्यवनप्राशात. कोठे रोगाचे, जसे कासातील अथवा ज्वरातील अनेक योगांत. विद्यार्थ्याला नावावरूनच पाठ आठवावा, वैद्याला नावावरूनच उपयोग सुचावा, असा त्या नामकरणाचा हेतू. नाव जितके अधिक सांगेल तितके चांगले.

कायद्याला नेमके याच्या उलट हवे असते. वस्तूचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा उपयोग सांगणारे चिन्ह कलम ९ अन्वये सामान्यतः नोंदविता येत नाही. दीर्घ वापराने ते एकाच निर्मात्याची ओळख बनले असल्याचे सिद्ध केले तरच त्यास अपवाद. कारण उघड आहे. 'त्रिफळा' हा शब्द एकाला बहाल केला तर उरलेल्यांनी त्रिफळेला काय म्हणावे? म्हणून जे नाव औषधाविषयी काहीच सांगत नाही, तेच चिन्ह म्हणून सर्वांत बळकट. डाबर हा शब्द घ्या. कोलकात्याच्या डॉक्टर बर्मन यांनी १८८४ साली सुरू केलेल्या व्यवसायास 'डाक्टर' आणि 'बर्मन' यांची आद्याक्षरे जोडून ते नाव मिळाले. त्यात ना द्रव्य आहे, ना रोग, ना गुण. आपल्याकडे पनवेलच्या धूतपापेश्वरचे नाव १८७२ पासून व सांडू बंधूंचे १८९९ पासून वैद्यांच्या तोंडी आहे. तेथेही नाव औषधाचे वर्णन करीत नाही, ते घराची ओळख देते.

आता आपल्या सभासदांच्या उत्पादनांच्या याद्या चाळाव्यात. केशवर्धक, संधिशूलहर, मधुमेहारि, मेदनाशक! गुण सांगण्याचा आपला मोह सुटत नाही. अशा नावाचा दुहेरी तोटा आहे. एक तर ते नाव आपले म्हणून राखता येत नाही. शेजारच्या गावचा फार्मसीवाला उद्या तेच छापील आणि आपण काही करू शकणार नाही. दुसरे असे की, औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, स्थूलता, हृद्रोग, मोतीबिंदू असे अनेक व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा ज्या नावातूनच ध्वनित होतो, ते नाव म्हणजे लेबलावर स्वतःहून लावून घेतलेली जाहिरात. जे नाव संरक्षण देत नाही तेच आरोप ओढवून घेते, ही गोष्ट नवे उत्पादन बाजारात आणणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी लक्षात घ्यावी.

आपल्या क्षेत्रातल्याच एका खटल्याने या विषयाचा पाया घातला आहे. त्याची माहिती वकिलांना असते आणि आपल्याला नसते, याचे मला नवल वाटते. अमृतधारा हे औषध विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरात सुरू झाले. फाळणीनंतर त्याची फार्मसी डेहराडूनला गेली. इकडे कानपूरच्या एका गृहस्थांनी १९२३ पासून तशाच विकारांवर चालणारे लक्ष्मणधारा नावाचे औषध विकावयास घेतले व १९५० साली त्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने शब्दांची व्युत्पत्ती पाहिली: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, अर्थ भिन्न, म्हणून गोंधळ संभवत नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क अमान्य केला. औषध घेणारा सामान्य मनुष्य दुकानात उभा राहून समासविग्रह करीत नाही. त्याला नाव अर्धवट आठवते, त्याचा एकूण ठसा आठवतो, आणि तेवढ्यावर तो मागणी करतो. दोन नावे फसगत करण्याइतकी जवळची आहेत की नाही, हे त्या अर्धवट स्मृतीच्या मनुष्याच्या दृष्टीने पाहावयाचे.

संस्कृतज्ञ असलेल्या आपल्या समाजास हा निर्णय थोडा झोंबणारा आहे. आमच्या तेलाची नक्कल करणाऱ्याचे पहिले उत्तर हेच होते की, जोडाक्षर सोडविल्याने शब्दाचा अर्थ निराळा होतो. व्याकरणदृष्ट्या ते खरे असेलही. पण त्या बाळाची आई व्याकरण शोधीत नव्हती.

मात्र अमृतधारा खटल्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे व तो सहसा सांगितला जात नाही. साधर्म्य मान्य होऊनही लक्ष्मणधारेची नोंदणी पूर्णपणे अडली नाही. उत्तर प्रदेशात ते औषध प्रामाणिकपणे, अनेक वर्षे विकले जात होते. दोघांच्या जाहिराती एकाच नियतकालिकांत येत होत्या. अमृतधारावाल्यांना हे ठाऊक असून ते गप्प राहिले होते. त्या मौनामुळे उत्तर प्रदेशापुरती विक्री मर्यादित करून लक्ष्मणधारेस नोंदणी देण्याचा निबंधकांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुनःस्थापित केला. आजच्या कायद्यातही कलम ३३ अन्वये, नंतर नोंदलेल्या चिन्हाचा वापर जाणून-बुजून सलग पाच वर्षे खपवून घेतल्यास, ते चिन्ह प्रामाणिक हेतूने घेतले असेल तर, पुढे तक्रार करण्यास जागा उरत नाही. "जाऊ द्या, कोणाच्या पोटावर का पाय द्यावा" हे आपल्या पिढीचे वाक्य मोठ्या मनाचे आहे खरे. परंतु त्या काळी उत्तर प्रदेशची सीमा तरी होती. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लक्ष्मणधारा आणि अमृतधारा एकाच ओळीत, खांद्याला खांदा लावून दिसतात.

औषधांच्या बाबतीत न्यायालये अन्य मालापेक्षा कठोर राहिली आहेत. कॅडिला प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खाद्यपेयांतला गोंधळ गैरसोयीचा असतो, औषधांतला जिवावर बेतू शकतो. म्हणून औषधांच्या नावांतील साधर्म्य अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे. लिव्ह ५२ या नावाविषयी हिमालयाने एका होमिओपॅथिक उत्पादकाविरुद्ध लढविलेल्या दाव्यात, यकृतासाठीचा 'लिव्ह' हा अंश सर्वांचाच, असे एकल न्यायमूर्तींनी धरले होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली तो निर्णय फिरविला. नावाचे तुकडे करून पाहू नये, हेच सूत्र पुन्हा आले. तरीही मी सभासदांना सांगेन की या निर्णयावर विसंबून अवयवाचे वा द्रव्याचे नाव तोडून चिन्ह बनवू नये. अनेक दशकांचा वापर आणि उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत त्यामागे होती.

आता प्रत्यक्ष ऑनलाइन विक्रीकडे वळू. दुकानदारीत नक्कल करणाऱ्याला गावोगाव फिरावे लागे. माल ठेवून घेणारा दुकानदार ओळखीचा असे व तो आपल्याला निरोप पाठवी. ऑनलाइन बाजारात ही नैसर्गिक राखण नाहीशी झाली. शिवाय आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र विक्रीपरवाना लागत नसल्याने कोणीही विक्रेता होऊ शकतो. तेथील फसवणुकीचे प्रकारही निराळे आहेत. नक्कल केलेले लेबल हा त्यांतला जुना प्रकार. नवा प्रकार असा: मोठ्या पोर्टलवर एका उत्पादनाचे एक पान असते आणि अनेक विक्रेते त्या एकाच पानावरून माल विकू शकतात. आपण कष्टाने छायाचित्रे काढली, माहिती लिहिली, रुग्णांनी चांगले अभिप्राय दिले. तिसराच कोणी त्या पानाला चिकटतो, किंमत पाच रुपयांनी उतरवितो, आणि मागणी त्याच्याकडे जाते. तो पाठवितो ते आपले औषध असेलच असे नाही. वाईट अभिप्राय मात्र आपल्या नावाखाली जमा होतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली कपड्यांच्या एका विक्रेत्याच्या प्रकरणात फ्लिपकार्टला अशा रीतीने दुसऱ्याच्या पानास चिकटू देण्यास मनाई केली. आकाश अगरवाल प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. कपड्याच्या जागी बालकाचे औषध ठेवून पाहा.

शोधयंत्रावरील जाहिरातींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आपले नाव कोणी शोधले की प्रतिस्पर्ध्याची जाहिरात वर यावी, यासाठी प्रतिस्पर्धी पैसे मोजतो. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गूगल व डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या प्रकरणात सांगितले की, चिन्हाचा असा वापर कायद्याच्या कक्षेत येतो. मात्र केवळ तेवढ्याने उल्लंघन होत नाही, ग्राहकाची दिशाभूल होते की नाही हे पाहावे लागेल. म्हणजे दुसऱ्याची जाहिरात आपल्या नावावर दिसली म्हणून लगेच वकिलाकडे धावण्यात अर्थ नाही. त्या जाहिरातीत आपले नाव वापरले आहे का, उघडणारे पान आपलेच असल्याचा भास होतो का, हे आधी पाहावे. संकेतस्थळाच्या नावाविषयी मात्र संशय नको. सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने संकेतनावास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण दिले आहे. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांची बचत करण्यासाठी स्वतःच्या फार्मसीचे संकेतनाव मोकळे सोडणे हा निव्वळ आळस होय.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपलाच घाऊक व्यापारी आपले खरे औषध ऑनलाइन कमी किमतीस विकू लागला की अनेकजण 'चिन्हाची चोरी' म्हणून ओरड करतात. तसे नाही. एकदा कायदेशीररीत्या विकलेला माल पुढे विकण्यास कलम ३० आडकाठी करीत नाही. माल बदलला, खराब झाला, मुदतीची तारीख खोडली, आवेष्टन फाडून नवे केले, तर गोष्ट वेगळी. कमी किमतीचे दुखणे व्यापाऱ्याशी करार करून सोडवावे. त्यासाठी व्यापारचिन्हाचा दंडुका उगारू नये.

सर्वांत कडू अनुभव मात्र बाहेरच्या चोराकडून येत नाही, तो घरातून येतो. आज अनेक वैद्य स्वतःची भट्टी न ठेवता दुसऱ्या कारखान्यात औषध करवून घेतात. पाठ वैद्याचा, नाव वैद्याचे, रुग्ण वैद्याचे. परवाना मात्र कारखानदाराच्या नावे व उत्पादनाची मंजुरीही त्याच्याच कागदांत. व्यवहार तोंडी. माझ्या परिचयातील एका वैद्य भगिनींनी असे एक केशतैल करवून घेतले. नऊ वर्षे सुरळीत गेली. दरवाढीवरून बिनसले, त्यांनी कारखाना बदलला, आणि महिन्याभरात तेच तेल, त्याच नावाने, ऑनलाइन विक्रीस आले. कारखानदाराने नावाच्या नोंदणीचा अर्जही करून ठेवला होता. त्या भगिनींपाशी एका पानाचाही करार नव्हता. नावाची मालकी करवून घेणाऱ्याची आहे, संबंध संपताच उरलेली लेबले व साचे परत करावयाचे आहेत, पाठाची गुप्तता राखावयाची आहे, एवढी तीन वाक्ये साध्या मुद्रांकित कागदावर असती तरी चित्र निराळे दिसले असते. हीच गोष्ट भाऊबंदकीत. वडिलांच्या नावाची फार्मसी दोन भावांत वाटली जाते तेव्हा खल-बत्ते मोजले जातात, कढया मोजल्या जातात. नाव कोणाकडे गेले, ते कोणी लिहून ठेवीत नाही.

तर करावे काय? पहिले काम घरातल्या ट्रंकेत आहे. आपल्याकडे वापर सिद्ध करणारा कागद नोंदणीइतकाच मोलाचा ठरतो. निऑन लॅबोरेटरीज प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने, अर्ज १९९२ साली करून नाव बाजारात आणले २००४ साली, अशा उत्पादकापेक्षा १९९८ पासून प्रत्यक्ष विक्री करणाऱ्यास उचलून धरले. कलम ३४ अन्वये आधीचा वापरकर्ता नंतरच्या नोंदणीधारकास पुरून उरतो. परंतु तो वापर सिद्ध करावा लागतो: जुन्या विक्रीच्या पावत्या, लेबल छापल्याची बिले, जाहिरातींची कात्रणे, परवान्याची प्रत. मी वडिलांच्या खोलीची रंगरंगोटी करताना त्यांच्या वह्या व पावतीपुस्तके रद्दीत दिली होती. शेवटी कोकणातल्या एका जुन्या काष्ठौषधी दुकानदाराने जपून ठेवलेल्या खरेदीच्या पावत्यांतून आणि लेबले छापणाऱ्या छापखान्याच्या खातेवहीतून आमचा वापर उभा राहिला. दुकानदाराचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या कपाटातल्या वाळवीने थोडी घाई केली असती तर आमची हरकत दुबळी ठरली असती.

दुसरे काम अर्जाचे. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क पडते, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत घेण्यास उद्यम नोंदणीचा कागद येथे उपयोगी पडतो. औषध वर्ग ५ मध्ये, प्रसाधन वर्ग ३ मध्ये, विक्रीसेवा वर्ग ३५ मध्ये आणि चिकित्सालय वर्ग ४४ मध्ये येते. केशतैल व मुखलेप विकणाऱ्याने केवळ वर्ग ५ वर थांबू नये. अर्ज करण्यापूर्वी निबंधकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो, तो उच्चारसाधर्म्यानेही घ्यावा. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे दहा-दहा वर्षांनी नूतन करता येते. ती मिळेपर्यंत नावापुढे टीएम ही अक्षरे लावावीत. वर्तुळातले आर हे चिन्ह नोंदणीपूर्वी लावणे बेकायदेशीर आहे, आणि आपल्या कित्येक लेबलांवर ते छापखान्याने शोभेसाठी घातलेले दिसते. ई-मेलविषयी मी वर सांगितलेच आहे.

नोंदणी अथवा अर्ज हाती असला की पोर्टलांकडील तक्रारीस वजन येते. मोठ्या पोर्टलांच्या ब्रँड नोंदणीच्या योजना त्याच कागदावर चालतात. नक्कल आढळल्यास आधी ती स्वतः विकत घ्यावी. पावती, आवेष्टन, बॅच नंबर, पानाचे दिनांकासह चित्र, सारे जपावे. न्यायालयात अशा चित्रांना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार खरेदीदाराने लेखी मागणी केल्यास पोर्टलला विक्रेत्याची माहिती द्यावी लागते, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एक महिन्यात निवारण करावे लागते. नकली तेलाच्या विक्रेत्याचा पत्ता आम्हाला असाच मिळाला. शिवाय दुसऱ्या औषधाच्या नावाने विकलेले किंवा फसगत होईल इतके साम्य असलेले आयुर्वेदीय औषध हे १९४० च्या अधिनियमाच्या कलम ३३ ईईए अन्वये 'बनावट' ठरते. म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार करावी. नावाचा तंटा दिवाणी आहे असे सांगून तेथून परत पाठविले जाण्याचा संभव असतो. तक्रारीत नावाऐवजी औषधाच्या बनावटपणावर भर द्यावा, हा माझा अनुभव.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली तो मुद्दा. आपल्यातील काही ज्येष्ठांना हा सारा विषय बाजारू वाटतो. शास्त्र सर्वांचे, त्यावर मालकी कसली, असे ते म्हणतात. शास्त्रापुरते त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना शास्त्र सर्वांचे राहावे म्हणूनच ही खबरदारी हवी. शास्त्रोक्त नावाला एखादे उपपद जोडून त्याची नोंदणी मिळवावयाची व मग त्याच कल्पाच्या लहान निर्मात्यांना वकिलामार्फत धाक घालावयाचा, हे उद्योग सुरू झाले आहेत. अशी नोटीस आली की खेड्यातला वैद्य घाबरून उत्पादन बंद करतो. त्याने घाबरू नये. कलम १७ प्रमाणे संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली म्हणून त्यातील सर्वसामान्य शब्दावर हक्क मिळत नाही. कलम ३० वर्णनात्मक वापरास मुभा देते, आणि कलम ३५ स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्यास. 'रामायण' हा शब्द अगरबत्तीसाठी एकट्याला देता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली लाल बाबू प्रियदर्शी प्रकरणात सांगितले. ग्रंथाच्या नावाला जे लागू, ते ग्रंथोक्त योगाच्या नावालाही तितक्याच जोराने मांडता येईल असे मला वाटते.

ते मांडणार कोण, हा प्रश्न आहे. व्यापारचिन्हांचे नियतकालिक दर आठवड्यास प्रसिद्ध होते. त्यात चिन्ह जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत 'कोणतीही व्यक्ती' हरकत घेऊ शकते. तिचा स्वतःचा धंदा बुडत असला पाहिजे असे नाही. आपली संघटना हे काम करू शकते. दोन-तीन सभासदांनी आळीपाळीने वर्ग ३ व वर्ग ५ ची पाने चाळावीत. पहिल्या अनुसूचीतील पन्नासहून अधिक आयुर्वेदीय ग्रंथांतील योगांच्या नावांची एक अकारविल्हे सूची करून मुंबईच्या निबंधक कार्यालयाला द्यावी. असे नाव एकट्याच्या मालकीसाठी जाहीर झालेले दिसले तर संघटनेच्या नावे हरकत नोंदवावी. आणि एखाद्या सभासदाच्या चिन्हासारखे चिन्ह दिसले तर त्याला एक दूरध्वनी करावा. आमच्या तेलाची नक्कल करणाऱ्याचा अर्ज या नियतकालिकात आला तेव्हा चार महिन्यांपैकी साडेतीन उलटून गेले होते. तो दिसला तोही पुण्याच्या एका स्नेह्याला, स्वतःचे चिन्ह शोधताना, योगायोगाने.

या कामास प्रतिवर्षी किती खर्च येईल याचा अंदाज कार्यकारिणीपुढे ठेवण्यास मी तयार आहे. सूचीचे काम महाविद्यालयांतील रसशास्त्र व भैषज्यकल्पना विभागाचे विद्यार्थी एका सुटीत उरकतील. आठवड्याची पाने चाळण्यासाठी पहिल्या सहा महिन्यांकरिता माझे नाव लिहून घ्यावे. दुसरे नाव पुढील सभेपूर्वी कोणी तरी कळवावे, ही विनंती.